खांबापाशी उमटलेला पंजा

१

साहेब, तुम्ही एका माणसाला चोर ठरवलंत आणि हातातला चहाचा कप खाली ठेवायचीही तसदी घेतली नाहीत. ना विचारपूस, ना पाहणी. पितळेची पट्टी गेली म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या माणसानं नेली, एवढाच तुमचा तपास. तुमचं नाव इथे घ्यायची गरज नाही. ते कॉलेजच्या कमानीवर आहे, निमंत्रणपत्रिकेवर आहे, दालनाच्या पायरीवरसुद्धा कोरलेलं आहे. एखादी जागा त्या नावावाचून मोकळी राहू द्या. त्या दिवशी काय घडलं ते आधी ऐका. प्रश्न शेवटी आहे.

मुक्ताई ढमढेरे त्या सकाळी सगळ्या पाहुण्यांच्या आधी पोचली होती. समारंभ संध्याकाळचा होता. पण नारायण पेठेतल्या तिच्या एका खोलीत सकाळ लवकर होते आणि नंतर सरता सरत नाही. एक कप चहा, एक पोळी, शेजारच्यांच्या रेडिओवरच्या बातम्या. पुढं काय? निवृत्त झाल्यापासून तिच्याशी दिवसभरात सगळ्यात जास्त बोलणारी व्यक्ती म्हणजे मंडईतली भाजीवाली, आणि तीही भावापुरतंच बोलायची.

कॉलेजनं जुन्या खेळाडूंसाठी आणि प्रशिक्षकांसाठी ‘गौरव दालन’ बांधलं होतं. भिंतीवर तसबिरी आणि प्रत्येक तसबिरीखाली पितळेची पट्टी. मुक्ताईचीही तसबीर होती. विद्यापीठ स्पर्धा जिंकलेल्या मुलींच्या खो-खो संघातली ती. पण स्वतःचा फोटो बघायला ती आलीच नव्हती. ती आली होती दादामियाँचा फोटो बघायला.

दादामियाँनी त्या संघाला खो-खो शिकवला. कागदावर मात्र ते जिमखान्याचे शिपाई होते आणि प्रशिक्षक म्हणून नाव होतं आप्पासाहेब रिसबूड यांचं. आप्पासाहेब क्रीडासंचालक होते, भले गृहस्थ होते, पण मैदानावर ते फोटोच्या दिवशी यायचे. हे त्या संघातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. दादामियाँचं नाव दालनात लागावं म्हणून मुक्ताई वर्षभर कॉलेजच्या पायऱ्या झिजवत होती. शेवटी ‘होय’ आलं. दादामियाँनी ऐंशी कधीच ओलांडली होती. आता नाही तर कधीच नाही, अशी गोष्ट होती.

दालनात ती पोचली तेव्हा आत आधीच आवाज चढले होते. संस्थेचे अध्यक्षसाहेब चहा पीत उभे होते. समोर पहारेकरी सुदर्शन मान खाली घालून उभा. आणि पार कोपऱ्यात, मातीच्या पट्ट्यापलीकडं, दादामियाँची तसबीर होती. हसरी, टोपी तिरकी, गळ्यात शिट्टी.

तसबिरीखाली मात्र स्क्रूची भोकं तेवढी होती. पट्टी नव्हती.

२

“बाकीच्या सगळ्या जागेवर आहेत,” अध्यक्षसाहेब म्हणाले. “एकच गेली. भंगारात घालायला सुरुवात केली असेल यानं. समारंभ उरकू दे, मग चौकीत द्या. आत्ता बोभाटा नको.”

“आणि दादामियाँचं अनावरण?” मुक्ताईनं विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. “आपण?”

“ढमढेरे. तिसऱ्या ओळीत लटकलेय बघा.”

“हां हां. अहो, पट्टीशिवाय अनावरण कसं करणार? विनोदी दिसेल ते. त्यांचं पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी ते असतील याची हमी कुणी दिलीय का तुम्हाला?”

साहेबांचा कप हवेत थांबला. मुक्ताईच म्हणाली, “संध्याकाळपर्यंत मी ती आणून दिली तर?”

“तुम्ही पोलिसात होतात ना?” ते हसले. “खेळाडूंच्या कोट्यातून?”

हे खरं होतं आणि ते झोंबलंही. खो-खोच्या जोरावर वर्दी मिळाली, मग वर्षानुवर्षं पोलीस संघातून खेळायचं, गुडघे गेल्यावर गणपतीच्या बंदोबस्तात उभं राहायचं. सगळ्या नोकरीत तिच्या हाती कुणी एकही तपास दिला नव्हता. हरवलेल्या सायकलीचासुद्धा नाही.

“आणलीत तर आजच लावू,” साहेब म्हणाले. “सगळ्यांसमोर शब्द देतो.”

ते गेले. जाताना फोटोवाल्यासाठी दोन क्षण मातीच्या पट्ट्यात उभे राहिले, बुटांसकट.

त्या मातीबद्दल सांगायला हवं. जिथे पूर्वी खो-खोचं मैदान होतं, तिथे आता गाड्या लागतात आणि एका कडेला हे दालन उभं आहे. आठवण म्हणून मैदानाची लाल माती आणून आत एक लांबट पट्टा केला होता. त्याच्या अलीकडच्या टोकाला मैदानातला जुना लाकडी खांब. पट्ट्यापलीकडं कोपऱ्यात दादामियाँ. मातीत पाय न ठेवता तिथवर पोचायला वाटच नव्हती.

“मले सांगा बाई,” सुदर्शन म्हणाला. तो यवतमाळकडचा, पुण्यात येऊन अजून आवाज न चढलेला. “मी काहून नेऊ जी पट्टी? अन नेलीच असती तं सारी भिंत नसती का नेली? एकाच पट्टीचं काय येते?”

“मग तुझ्यावरच का आले?”

“मातीत पाय नाई उमटले म्हणून. साहेब म्हणे चोरानं फळी टाकली. अन फळी माह्यापाशी हाये. झोपतो मी तिच्यावर.”

“काल संध्याकाळपासून आत कोण कोण आलं?”

“संध्याकाळी मॅडम व्हत्या, माती सारखी करत. मंग एक म्हातारेबाबा आले रिक्षानं. टोपीवाले. माहा फोटो लागला म्हणे, पाहू दे. म्या सोडलं आत. लय वेळ उभे राहिले बापा, अन काई न बोलता गेले. मंग कुलूप. सकाळी फुलंवाले, लाइटवाले, सर, सारेच आले.”

मुक्ताई मातीच्या कडेशी उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. बुटांचे ताजे ठसे साहेबांचे. बाकी माती कोरी करकरीत. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं होतं.

तिला मात्र काहीतरी खटकलं. माती कोरी होती, पण सगळीकडे सारखी कोरी नव्हती.

३

दालनाची मांडणी करणारी प्रियदर्शनी हिंजवडीच्या वाहतुकीत अडकून, चिडून, नुकतीच पोचली होती. मुक्ताईनं तिला गाठलं.

“ताई, प्लीज, मी ऑलरेडी स्ट्रेसमध्ये आहे.”

“एकच फोटो दाखव. काल माती सारखी केल्यावर काढला असशील.”

तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत मातीवर दाताळ्याच्या समांतर रेषा होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, विंचरलेल्या केसांसारख्या. मुक्ताईनं मातीकडं पाहिलं. रेषा तशाच होत्या. फक्त खांबापासून दादामियाँच्या कोपऱ्यापर्यंतच्या वाटेवर एकही रेष नव्हती. तिथली माती ओल्या हातानं थापल्यासारखी, वर पापुद्रा धरलेली.

म्हणजे फळीबिळी काही नव्हती. कुणीतरी चालत गेलं होतं आणि परत येताना पावलं पुसत आलं होतं.

“पट्टीवर काय लिहिलं होतं गं?” तिनं सहज विचारलं.

“नाव असेल ना. मी वाचत नाही हो, कमिटी मजकूर पाठवते, मी फक्त फाँट बघते. श्रीनिवास सरांना विचारा.”

श्रीनिवास रिसबूड म्हणजे आप्पासाहेबांचा मुलगा, समितीचा कार्यवाह आणि आजच्या समारंभाचा सूत्रसंचालक. पन्नाशी ओलांडलेला, शांत, लग्न न केलेला. आप्पासाहेब गेल्यावर त्यांच्या मोठ्या घरात एकटाच राहणारा. त्यानं तिला कोपरा दाखवायला नेलं. मातीच्या कडेशी आल्यावर त्यानं वाकून बूट काढले, बाजूला ठेवले आणि मातीच्या कडेकडेनं अनवाणी पुढं गेला.

“इथे स्क्रू होते, मुक्ताताई. तसबिरीच्या चौकटीवर ठेवून दिलेत बघा.”

खरंच, सगळे स्क्रू चौकटीच्या कडेवर नीट ओळीनं ठेवले होते. भंगारवाला असं करत नाही.

“मजकूर काय होता?”

“नाव… आणि इतर तपशील. मुख्य फाइल साहेबांकडं आहे.” त्यानं घड्याळ पाहिलं. “मला निवेदन लिहायचंय. येतो.”

तेवढ्यात अत्तराचा वास आला आणि मागोमाग इंदुबाई. त्या संघाची कॅप्टन. पुढं बँकेत अधिकारी झालेली, आता औंधात राहणारी.

“मुक्ते! तू अजून त्याच साडीत?”

“तू अजून त्याच जिभेत.”

दोघी हसल्या. शेवटच्या भेटीला किती वर्षं झाली हे दोघींनाही आठवायचं नव्हतं.

“इंदू, खरं सांग. तू दादांच्या पट्टीला हात लावलास?”

“मी? माझं नख तुटलं तर मी ब्यूटी पार्लरला जाते. स्क्रू काय काढतेय.” मग तिचा आवाज उतरला. “पण मी वाचली होती गं. परवा रंगीत तालमीला. कुणीतरी काढली ते बरंच झालं.”

“काय होतं तिच्यावर?”

इंदूनं तिच्याकडं बघितलं, कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटल्यासारखं आणि लाज वाटल्यासारखं. “दादामियाँ. जिमखाना सेवक. प्रदीर्घ व निष्ठावंत सेवा.”

मुक्ताईनं वळून त्या रिकाम्या भोकांकडं पाहिलं.

“आणि आपण जिंकलेलं विद्यापीठ आप्पासाहेबांच्या पट्टीवर आहे. प्रशिक्षक म्हणून. मधोमध, दिव्याखाली.”

“तू वाचलीस आणि गप्प बसलीस.”

“तू वर्षभर बोललीस. काय झालं?” इंदू म्हणाली आणि रुमाल शोधायला पर्समध्ये डोकं घातलं.

४

मुक्ताई पुन्हा मातीपाशी आली. आता दालनात कुणी नव्हतं. भिंतीवरचे सगळे जुने खेळाडू तरुण होते आणि तिच्याकडं बघत होते.

ओल्या हातानं माती थापायची ही तऱ्हा तिला ओळखीची होती. दादामियाँचा नियमच होता तो. खेळ संपला की प्रत्येकीनं आपला चौक ओल्या तळव्यानं सारखा करायचा, उलट्या पावलानं मागं येत येत, आपलं पाऊल आपणच पुसत. “टाचेचा खड्डा आज तू सोडशील, उद्या त्यात दुसरीचा घोटा मुरगळेल.” मग मैदान सपाट करायला ओलं पोतं ओढायचं. आणि अगदी शेवटी खांबाच्या पायथ्याशी पंजा दाबायचा. मैदानाला नमस्कार. पुण्यात दुसऱ्या कुठल्या संघात ही रीत नव्हती, विरोधी संघ त्यावरून हसायचे.

ती खांबापाशी वाकली. होता. पंजा होता. फुलं वाहून नेताना पडलेल्या दोन झेंडूंच्या पाकळ्यांखाली, बोटं पसरलेला, खोल दाबलेला एक उजवा पंजा.

चोरानं पावलं पुसली होती आणि पुसता पुसता सहीच ठोकून गेला होता.

मुक्ताईनं आपला हात त्या ठशावर ठेवला. ठसा तिच्या बोटांच्या पुढं पेरभर गेला. तिचा हात संघात सगळ्यात मोठा होता, इंदूचा तर बाहुलीसारखा. म्हणजे संघातली कुणी मुलगी नव्हे. पुरुषाचा पंजा. पण दादामियाँनी तर फक्त मुलींनाच शिकवलं होतं.

ही रीत माहीत असलेला पुरुष एकच. काल संध्याकाळी तो रिक्षानं आला होता, लय वेळ उभा राहिला होता आणि काही न बोलता गेला होता.

तिला वाटलं, तपास इथेच थांबवावा. आयुष्यातला पहिला आणि त्यात चोर निघाला दादा.

पण सुदर्शनची फळी तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

५

दादामियाँ भवानी पेठेत राहायचे. मुलगा-सून कधीच वारले होते, नातू नबील हिंजवडीच्या कंपनीत आणि राहायलाही तिकडंच. रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर खुंटीला गुंडाळून टांगलेली जुनी चटई. खुर्ची टेबलापाशी नव्हती. ती रिकाम्या भिंतीकडं तोंड करून ठेवली होती.

“ये मुक्ते. दार उघडंच असतं. येणारं कोणी नसलं की कुलपाचा खर्च वाचतो.”

तिनं वाकून नमस्कार केला. मग सरळ विचारलं. फिरवून बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

“दादा, पट्टी गेली.”

म्हातारा दचकला. खरंखुरं दचकला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब झाला.

“मीच काढली,” ते म्हणाले.

“का?”

“मला सेवक म्हटलं. मी काढली. जा, सांग त्यांना. त्या पहारेकऱ्याला सोडा.”

“पहारेकऱ्याला धरलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? कॉलेजात काही हरवलं की आधी कोणाला धरतात, हे शिपायाला विचारतेस?”

“बरं. मग खांबापाशी पंजा दाबलात?”

“दाबला. रीत आहे.”

“गुडघे टेकून?”

 मुक्ताईनं भिंतीकडं तोंड केलेल्या खुर्चीकडं पाहिलं, खुंटीवरच्या चटईकडं पाहिलं.

“नमाज खुर्चीवर पढता तुम्ही. जमिनीवर बसणं बंद झालंय तुमचं. कोपऱ्यापासून खांबापर्यंत वाकून माती थापत कोण आलं, दादा? तुम्ही कुणाला वाचवताय? आमच्यातली कुणी असेल असं वाटलं ना तुम्हाला?”

“तुम्ही सगळ्या वेड्याच होतात,” ते म्हणाले. “वाटलं, त्यातल्या एखादीनं केलं असेल.”

“पंजा पुरुषाचा आहे.”

दादामियाँनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती.

“मुक्ते, तुम्ही पोरी दिवेलागणीच्या आत घरी पळायचात. घरचे ओरडायचे. मग पोतं ओढायचं राहायचं. पोत्याचं एक टोक मी धरायचो. दुसरं कोण धरणार?”

“कोण?”

“एक पोरगा यायचा. शाळा सुटल्यावर घरी कोणी नसायचं त्याच्या. आई लवकर गेलेली, बाप सदा बैठकांना. तो पायरीवर बसून तुमचा खेळ बघायचा. तुम्ही गेलात की पोत्याचं टोक धरायचा. पंजा मीच शिकवला त्याला. त्याला खेळायचं होतं गं. पण बापाला नको होतं, मुलगा शिपायाच्या हाताखाली.” ते थांबले. “नाव नको विचारू.”

विचारायची गरजच नव्हती. मातीच्या कडेशी वाकून बूट काढणारा माणूस तिनं सकाळी पाहिला होता. साहेब बुटांसकट मातीत उभे राहिले होते. त्या दालनात एकाच माणसाला ती माती मैदान वाटली होती.

६

श्रीनिवास गाड्यांच्या रांगेमागं, भिंतीला टेकून, हातात निवेदनाचे कागद धरून उभा होता. वाचत नव्हता.

“खिशातून काढ,” मुक्ताई म्हणाली.

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून पट्टी काढली. कसं कळलं वगैरे विचारलं नाही.

“मजकूर मीच टाइप केला होता,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, एका विजयाचे दोन प्रशिक्षक कसे? कागदोपत्री काय आहे ते लिहा. मी लिहिलं. काल लांबून पाहिलं, दादा उभे होते वाचत. मला वाटलं चिडतील, ओरडतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पट्टी पुसली. त्यावर बोटांचे डाग होते म्हणून. सकाळी दिवे बघायला म्हणून आलो आणि काढली.”

“आणि पावलं पुसलीस. कालची दादांचीही.”

“पुरावा पुसत नव्हतो हो. मैदान सोडताना… हात आपोआप गेला.”

“ते कळलं. आता दुसरं सांग. लाज वाटली म्हणून पट्टी काढलीस. मग ती लाज खिशात का ठेवलीस? सुदर्शनला चौकीत देणार आहेत. तुला ते ठाऊक होतं, तरी घड्याळ बघत होतास.”

त्यानं मान खाली घातली.

“मी बोललो तर आप्पांचं नाव…”

“आप्पांचं नाव दिव्याखाली आहे. दादांचं भोकात आहे.”

“माझ्याकडं तेवढंच उरलंय, मुक्ताताई. त्या घरात मी आणि आप्पांचा फोटो.”

मुक्ताईला त्याचा राग आला आणि त्याच वेळी पायरीवर बसलेलं ते पोर दिसलं. तिलाही घरी गेल्यावर भिंतीशीच बोलायचं होतं. पण म्हणून काय?

तिनं पट्टी घेतली. हातात धरली तेव्हा खरा पेच उमगला. साहेबांनी शब्द दिला होता, पट्टी आणलीत तर आजच लावू. तिनं आणली होती. आता ती दिली की ‘जिमखाना सेवक’ तिच्याच हातानं भिंतीवर चढणार होतं. नाही दिली तर सुदर्शन चोर, आणि दादामियाँ पुढच्या वर्षी.

आयुष्यातला पहिला तपास तिनं सोडवला होता आणि जिंकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“संध्याकाळी माइक तुझ्या हातात आहे,” ती श्रीनिवासला म्हणाली. “माझ्या हातात ही पट्टी आहे. बघू कोणाचा हात आधी हलतो.”

७

संध्याकाळी मंडप भरला. पहिल्या रांगेत दादामियाँच्या नावाची खुर्ची होती. ती रिकामी राहिली. ते येणार नाहीत हे मुक्ताईला ठाऊक होतं, तरी दर थोड्या वेळानं ती कमानीकडं बघत होती.

सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, टाळ्या. इंदूनं शाल घेतली आणि पदर सावरायच्या निमित्तानं डोळे टिपले. मग मुक्ताईचं नाव आलं. ती व्यासपीठावर चढली, शाल घेतली नाही, पट्टी साहेबांच्या हातात ठेवली.

“आणली. शब्द दिला होतात.”

“वा!” साहेब माइकजवळ होते, सगळ्यांना ऐकू गेलं. “आमच्या पोलीसभगिनींनी चोरी शोधून काढली! कोण निघालं मग?”

“ते नंतर. आधी वाचा काय लिहिलंय. मोठ्यानं.”

साहेबांनी पट्टीकडं पाहिलं. मग समोर पाहिलं. त्या संघातल्या उरलेल्या मुली, आता साठीच्या बायका, वेगवेगळ्या रांगांतून एकेक करून उभ्या राहत होत्या. इंदू सगळ्यात आधी उभी राहिली.

“वेळ कमी आहे,” साहेब म्हणाले.

तेव्हा श्रीनिवास माइकपाशी आला. हातातले निवेदनाचे कागद त्यानं खाली ठेवून दिले.

“पट्टी मी काढली,” तो म्हणाला. “सुदर्शननं नाही. मजकूर खोटा होता आणि तो मीच लिहिला होता, सांगितला म्हणून. विद्यापीठ जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक दादामियाँ होते. माझे वडील नव्हते. मी पायरीवर बसून रोज बघत होतो.”

बाहेर सुदर्शन कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होता, ते मंडपात ऐकू आलं.

आणि मग, साहेब, तुम्ही माइक हातात घेतलात. आठवतं? तुम्ही म्हणालात, “काही तांत्रिक अडचण दिसते. बाजूला चहाची व्यवस्था आहे.”

लोक उठले. चहाकडं गेले. जुन्या खेळाडूंचा गौरव करायला जमलेली दोन-तीनशे माणसं बिस्किटं बुडवून खाऊ लागली. व्यासपीठावर श्रीनिवास, मुक्ताई आणि नारळांची रास उरली.

सुदर्शनला तुम्ही सोडलंत. माफी मात्र मागितली नाहीत, पाठीवर थाप मारलीत. त्यानं ती घेतली, कारण त्याला नोकरी हवी आहे.

दुसऱ्या दिवशी मुक्ताई भवानी पेठेत गेली. बरोबर श्रीनिवास होता. तो दारातच थांबला. दादामियाँनी त्याला बघितलं आणि खुर्ची भिंतीपासून वळवून दाराकडं केली.

“ये रे. पोत्याचं टोक सोडून कुठं पळाला होतास?”

तो आत आला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.  मुक्ताईनं सांगितलं की तिकडं अजून भोकंच आहेत, पट्टी साहेबांकडं अडकली आहे.

“राहू दे,” दादामियाँ म्हणाले. “रिकामी जागा खोटं तरी बोलत नाही.”

ते मोठ्या मनाचे आहेत, साहेब. आम्ही नाही. ती भोकं अजून तशीच आहेत. झाडूवाल्या बायका दालन साफ करतात, पण खांबापाशी झाडू नेत नाहीत, सुदर्शननं त्यांना सांगून ठेवलंय. तो पंजा तिथे आहे. दिव्याखाली आप्पासाहेबांची पट्टीही तशीच चमकते आहे, मुलानं सगळ्यांसमोर खोटी म्हटलेली. तिला मात्र कुणी चोरीचा माल म्हणत नाही.

चहा संपला, साहेब. कप खाली ठेवा. एका माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या फोटोखालून काढून दुसऱ्याच्या फोटोखाली लावलं गेलं. त्या चोरीत स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या हातात होता? आणि दादामियाँ डोळ्यांनी वाचू शकतात तोवर त्या भोकांवर ‘प्रशिक्षक’ हा शब्द लागणार आहे की नाही?

हो की नाही, तेवढं सांगा.